तळटीप

मार्चच्या पहिल्या आठवड्यात विद्यापीठाची गाडी आमच्या सोसायटीच्या गेटाशी थांबली आणि तिच्यातून पाच खोकी उतरली. वॉचमनला वाटलं, मी घर सोडून चाललो. खोक्यांत विद्यार्थ्यांचे अभिप्राय होते. महाप्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी विद्यापीठाचं जे नवं संकुल आहे, तिथे एप्रिलमध्ये मूल्यांकन समिती यायची होती. समितीला दाखवायला 'विद्यार्थी बोलतात' अशी एक पुस्तिका छापायची ठरली होती. प्रत्येकाला एक कोरा फॉर्म दिला होता. वर एकच प्रश्न होता : विद्यापीठातलं तुमचं रोजचं जगणं कसं आहे? नाव लिहायचं नव्हतं. पदवी, पदव्युत्तर की संशोधन, एवढ्यावर खूण करायची होती.

हे काम मला दिलं गीतांजली मॅडमनी. त्या गुणवत्ता कक्षाच्या प्रमुख. त्यांच्या प्रबंधाची मुद्रितं मी तपासली होती. एका शब्दकोशाच्या कार्यालयात मी एकतीस वर्षं सहायक होतो. संपादक कधी झालो नाही, आणि व्हायला हवं होतं असं मला स्वतःलाही कधी वाटलं नाही.

"सर, चांगले दीडशे निवडा, आणि शुद्ध करून द्या," मॅडम म्हणाल्या. "समितीसमोर भाषा एकसारखी दिसली पाहिजे."

मी वाचायला बसलो. बाहेरच्या खोलीत, चटईवर. मीना, माझी बायको, दोन दिवस माझ्या अंगावरून ओलांडून स्वयंपाकघरात जात होती.

"हसताय काय एकटेच?" तिने विचारलं.

मी तिला वाचून दाखवलं : 'लिफ्टवर फक्त कर्मचाऱ्यांसाठी असं लिहिलंय. वर्ग सहाव्या मजल्यावर. सर लिफ्टने येतात आणि आम्हाला विचारतात, धापा का टाकताय?' दुसऱ्याने लिहिलं होतं, 'निकालात मी गैरहजर आहे. मी हजर होतो. सुपरवायझरने माझा मोबाईल जप्त केला होता, त्यांना विचारा.' एका मुलीचं असं होतं : 'लायब्ररीत पुस्तकं कपाटात, कपाटाला कुलूप, चावी मॅडमकडे, मॅडम इलेक्शन ड्यूटीवर.' एकाने फॉर्मभर खिडक्यांची हकिगत लिहिली होती. पहिल्या खिडकीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर, आणि शेवटी, 'तिसरी खिडकी भिंतीवर नुसती रंगवलेली आहे असं मला आता वाटायला लागलंय.' आणि सगळ्यांत जास्त वेळा आलेलं उत्तर : 'काही तक्रार नाही. इंटर्नल मार्क अजून लागायचे आहेत.'

मीना हसली नाही. "हे छापणार आहेत?"

"निवडायला सांगितलंय."

"मग चांगलं चांगलं निवडा. नाहीतर उगाच लष्कराच्या भाकऱ्या भाजाल."

मी चांगलं चांगलं निवडलं नाही. खरं खरं वाटलं ते निवडलं. माझ्या वयात माणसाला एवढंही धाडस मोठं वाटतं. सगळं लिहिणं मी शुद्ध केलं. 'भेटत नाय'चं 'मिळत नाही' केलं. 'लय बेकार'चं 'अत्यंत वाईट' करताना जीव थोडा चुकचुकला, पण केलं.

चौथ्या खोक्यात एक फॉर्म असा आला की मी चष्मा पुसून तो पुन्हा वाचला. खूण 'संशोधन'वर होती. अक्षर वळणदार, छापल्यासारखं. लिहिलं होतं :

'मना तीन वर्सं झाली. सरांचे उलव्याचे घरान सुतार आयला का मना धारतात. दिवसभर बसून ऱ्हावाचा. प्यावाला पानी पन नाय. मंग इचारतात, तुजा डाटा कवरा झाला? योच माजा डाटा हाय.'

बस्, एवढंच. मी ते मोठ्याने वाचलं. मीना भाजी निवडता निवडता थांबली.

हे मी शुद्ध करून पाहिलं. 'मला तीन वर्षे झाली. सरांच्या उलवे येथील घरी सुतार आला की मला पाठवतात.' कागदावर एक अर्ज उमटला. माणूस त्यातून निघून गेला होता. मी तो कागद फाडला आणि मॅडमना फोन केला. हा एक अभिप्राय जसाच्या तसा ठेवायचा, एक अक्षर बदलायचं नाही, असं मी म्हणालो. कुठल्याही वरिष्ठाशी मी इतक्या ठामपणे बोललो नव्हतो.

मॅडम म्हणाल्या, "पण सर, समितीत बाहेरगावचे लोक असतील. त्यांना कळणार कसं?"

"तळटीप देतो."

"द्या मग. तुमची हौस."

दुसऱ्या दिवशी सकाळी गव्हाचा डबा घेऊन मी घणसोली गावात हिरामणच्या चक्कीवर गेलो. आमच्या सेक्टरमधल्या इमारतींतून गल्लीत शिरलं की दहा मिनिटांत त्याची चक्की. हिरामण मढवी गावातलाच. नव्या शहरासाठी जमीन गेल्यावर मिळालेल्या भूखंडावर भावांनी इमारत उठवली, याने तळमजल्यावर चक्की टाकली. मला तो मास्तर म्हणतो. मी मास्तर नाही, हे मी त्याला पहिल्या वर्षीच सांगायला हवं होतं.

"हिरामणशेठ, 'धारतात' म्हणजे 'धाडतात' ना?"

"मंग काय! पोराला दुकानान धारला. तुमी लोकं पाठवला म्हनता. कुठं आयकला?"

"वाचण्यात आलं."

"वाचन्यान?" त्याने पिठाचा हात कपाळाला लावला. "आमचा बोलना कोन लिव्हतंय, मास्तर?"

"आणि 'कवरा'? केवढा?"

"केवरा, कवरा. पलीकडं उरनला जा, येगला आयकाल. कवरा म्हंजे यो आमचा, घनसोलीचा." तो खूश झाला होता. "छापनार काय? छापला तं मना एक द्या. पोरीला दाखवीन. सुचिता, आमची. तुमचे विद्यापीठान पीएचडी करते, मिठागरांवर. आता घरान पन 'मला', 'तुला' बोलते. तिचे आजीला वाटते पावनी आयली."

डबा घेऊन परत येताना माझ्या मनात दोन गोष्टी शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक फॉर्म आणि एक मुलगी. मी त्यांची ओळख करून दिली नाही, एवढंच. घणसोलीत काय एकच मुलगी शिकते का, असं मी स्वतःला विचारलं, आणि उत्तर यायच्या आत टेबलाशी बसलो.

टीप मी अशी लिहिली : 'मना – मला. घरान – घरात. धारतात – धाडतात, पाठवतात. कवरा – केवढा. योच – हाच. ठाणे खाडीकाठची आगरी बोली. कवरा हे रूप विशेषतः घणसोलीतले.'

शेवटचं वाक्य मी एकदा खोडलं. मग पुन्हा लिहिलं. ते वाक्य माझ्या स्वतःच्या कानांनी मिळवलेलं होतं. कोशात ते सापडलं नसतं. शिवाय तळटिपा कोण वाचतं? एकतीस वर्षं मी त्या लिहीत आलो. एकाही माणसाने कधी एक टीप चुकली म्हणूनसुद्धा पत्र पाठवलं नव्हतं.

पुस्तिकेची कच्ची प्रत सगळ्या विभागप्रमुखांकडे गेली. आठवड्याने मॅडमचा फोन आला. भूगोल विभागाचे डॉ. अभिराम देवस्थळी यांना मला भेटायचं होतं. "तुमच्यावर खूश आहेत," मॅडम म्हणाल्या. आवाजात मात्र खुशी नव्हती.

देवस्थळी पन्नाशीचे, उंच, हसरे. मी आत गेलो तर उभे राहिले. खुर्ची स्वतः पुढे केली. चहा आला.

"केळुसकर सर, काय काम केलंय हो! इतकी वर्षं हे कागद छापतो आपण, कोणी वाचत नाही. मी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं."

मी आभार मानले.

"हे बघा, पान चौतीस." त्यांनी प्रत माझ्याकडे वळवली. "प्रामाणिकपणे सांगतो, वरचं मला समजलं नव्हतं. मना म्हणजे काय, मनाई? धारतात म्हणजे सुतार धार लावतो, असं वाटलं. पान उलटणारच होतो. मग तुमची टीप वाचली." ते माझ्याकडे कौतुकाने पाहत होते. "घणसोली! किती नेमकं. उलव्याला फ्लॅट असलेले इथे दोघं-तिघं असतील. पण घणसोलीची पीएचडीची विद्यार्थिनी आमच्याकडे एकच आहे."

मी कप खाली ठेवला.

"तसं नक्की सांगता येत नाही," मी म्हणालो. "तळवलीतही असेल. उरणलाही. मी काही अधिकारी माणूस नाही. माझं चुकलंही असेल."

"छे, छे. अभ्यासकाने आपल्या टिपेवर ठाम राहावं." ते मनापासून हसले. "सांगितलं कोणी तुम्हाला हे रूप?"

"गावातच... एका चक्कीवर."

हे मी का सांगितलं? विचारलं म्हणून. प्रश्नाला उत्तर द्यायचं, हीच मला सवय. मीना नेहमी म्हणते, तुम्हाला कोणी वेळ विचारली तर तुम्ही घड्याळ कुठून घेतलं ते सांगता.

"मढवींची चक्की," देवस्थळी म्हणाले. "वा. बापाकडूनच खात्री करून घेतलीत."

त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी सुचिता आमच्या दारात उभी राहिली. पंचवीस-सव्वीसची, बारीक, खांद्याला लॅपटॉपची पिशवी. गीतांजली मॅडमकडून पत्ता घेतला म्हणाली. मीनाने पाणी दिलं. तिने ते एका दमात प्यायलं आणि पेला हातातच ठेवला.

"काका, तुम्हाला राग येणार नसेल तर एक विचारू?" ती अगदी स्वच्छ, पुस्तकी मराठी बोलत होती. "ते जसंच्या तसं का छापलंत? बाकी सगळ्यांचं तुम्ही बदललंत. माझ्या मैत्रिणीने 'पकवतात' लिहिलं होतं, त्याचं तुम्ही 'कंटाळवाणे शिकवतात' केलंत."

"तुझं बदललं असतं तर तुझं राहिलं नसतं," मी म्हणालो.

"माझं राहायलाच नको होतं." तिने पेला खाली ठेवला. "मी मुद्दाम तसं लिहिलं होतं. घरी आजी बोलते तसं. वाटलं, वाचणाऱ्याला कळणारच नाही. कचऱ्यात जाईल. पण लिहून तर झालं, एवढंच मला हवं होतं. मी ते लपवून लिहिलं होतं, काका. तुम्ही खाली अर्थ दिलात."

मीना स्वयंपाकघरात गेली. मी टेबलाच्या कडेवरचा डाग बोटाने घासत राहिलो.

"ते काय म्हणाले?" मी विचारलं.

"ओरडले नाहीत. ते ओरडत नाहीत. म्हणाले, सुचिता, माझ्या घरी पाणी नव्हतं तर सांगायचं होतंस, मी बिसलेरीचा जार ठेवला असता. मग म्हणाले, हे तुझं नसेलच, तू असं लिहिणार नाहीस. संपादकाने बोलीचा नमुना म्हणून रचलं असेल. तसं त्यांच्याकडून लिहून आण." तिने पिशवीतून एक कोरा कागद काढला. "वीस तारखेला माझा सहामाही अहवाल जातो. त्यावर त्यांनी 'असमाधानकारक' लिहिलं तर नोंदणी रद्द होऊ शकते. आधीचा एक तसाच आहे."

"गाईड बदलून मागता येत नाही?"

"येतो ना. अर्ज करायचा. तो गाईडच्या सहीने पुढे जातो."

हे वाक्य निवडलेल्या अभिप्रायांत शोभलं असतं, असं मला वाटलं. अशा वेळीसुद्धा मला तेच सुचलं, याची लाज वाटली.

"मी जाऊन मॅडमना सांगतो," मी म्हणालो. "समितीला पत्र लिहितो. जे चाललंय ते..."

"काका." तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "तुम्ही खूप मदत केलीत. आता एवढंच लिहा."

मी लिहायला घेतलं. 'सदर अभिप्राय कोणत्याही विद्यार्थ्याचा नसून, बोलीचा नमुना म्हणून मी स्वतः रचलेला आहे. याची पूर्ण जबाबदारी माझी आहे.' सही केली. तारीख घातली. आयुष्यात दुसऱ्याच्या नावावर मी कधी एक ओळ खपवली नव्हती, आणि दुसऱ्याची ओळ स्वतःच्या नावावर तर नाहीच. ते एकच मला माझ्याबद्दल खात्रीने माहीत होतं.

कागद घडी करताना ती म्हणाली, "पप्पांना यातलं काही कळू देऊ नका. त्यांनी सरांना घरी बोलावून शाल घातली होती. गावातली पहिली पीएचडी म्हणून ते सगळ्यांना सांगतात. त्यांना कळलं तर ते सरांकडे जातील, भांडतील, आणि मग संपलंच."

"नाही सांगणार."

"शब्द द्या."

मी दिला.

बावीस तारखेला मॅडमचा फोन आला. देवस्थळींनी ते पत्र कुलगुरूंच्या बैठकीत ठेवलं होतं. संपादकानेच मजकूर रचल्याचं कबूल केल्यामुळे पुस्तिकेतल्या कोणत्याच अभिप्रायाचा भरवसा उरत नाही, असा मुद्दा निघाला होता. लिफ्ट, निकाल, कुलूप, रंगवलेली खिडकी, दीडशेच्या दीडशे रद्द झाले. त्यांच्या जागी एक तक्ता छापायचा होता : समाधानी विद्यार्थी, एक्क्याण्णव टक्के. 'काही तक्रार नाही' असं लिहिणारे सगळे त्यात धरले होते.

"एवढा एक सोडून बाकीचे तरी ठेवा," मी म्हणालो. "ते मुलांनीच लिहिलेत. मूळ फॉर्म तुमच्याकडे आहेत."

"सर, तुम्हीच सही केलीत," मॅडम म्हणाल्या. त्या थकलेल्या वाटल्या. "मला तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. नवीन काही रचायचंच होतं तर आपलं आपण वेगळं छापायचं." मग जरा थांबून, "ते खरंच तुम्ही लिहिलं होतंत का?"

"हो," मी म्हणालो.

"चांगलं लिहिलं होतंत," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

संध्याकाळी मीना म्हणाली, "त्या पोरीचं झालं ना? मग सोडा." तिचं झालं होतं. मॅडमच्या शिपायाकडून कळलं, अहवालावर 'समाधानकारक' असा शेरा मिळाला.

चक्कीवर मी तीन आठवडे गेलो नाही. मीनाने तयार पीठ आणलं आणि रोज पोळ्यांना नावं ठेवली. एप्रिलच्या मध्यावर समिती येऊन गेली, तेव्हा मी डबा घेऊन निघालो.

हिरामणकडे गर्दी नव्हती. मला पाहून त्याने नेहमीसारखा हात वर केला.

"मास्तर! कुठं व्हते? गावाला?"

"बरं नव्हतं."

"आमची सुचिता पास झाली. म्हंजे पास नाय, तो रिपोर्ट असतो ना, सरांनी सही दिली. देवमानूस हाय." त्याने डबा घेतला, झाकण काढलं, गव्हात हात घालून पाहिलं. "आज गेली हाय उलव्याला. सरांचे नवीन घराची पूजा हाय. पोरी लागतात ना हाताखाली. मी बोललो, जा, आपलाच घर समज."

मी मान हलवली.

"पन मास्तर, तिकडं एक लफडा झाला, आयकला काय? कोनी म्हातारा हाय, पुस्तक बनवनारा. त्यानं आमचे भाषेन खोटा लिव्हला, पोरीचे नावानं खपवला. सरांची बदनामी. सर सवता घरी आयले, बोलले, हिरामणशेठ, तुमच्या मुलीला कोणीतरी अडकवत होतं, मी वाचवली. सांगा! आमचे भाषेचा नाटक करतंय मेला. चार शब्द कुठून तरी..."

तो थांबला. हात गव्हातच होता.

मी चक्कीच्या पट्ट्याकडे पाहत होतो. मला वाटतं तो मनातल्या मनात मोजत होता : मार्चमधली सकाळ, 'धारतात', 'कवरा', वाचण्यात आलं. त्याच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट येत होती आणि मला ती दिसत होती.

"तुमी मना इचारला व्हता," तो हळू म्हणाला.

माझ्या तोंडात एक वाक्य तयार होतं. ते खरं होतं, सोपं होतं, आणि त्याला ते ऐकायचा हक्क होता. तुझ्या मुलीने लिहिलं होतं, हिरामण, एकेक अक्षर. पण मी शब्द दिला होता. आणि ती त्या क्षणी उलव्याला त्या घरात होती.

"हो," मी म्हणालो. "विचारलं होतं."

"मी सांगला तुमाना. हौसेनं सांगला." त्याचा आवाज चढला नाही. "मी बोललो मास्तर हाय, शिकलेला मानूस हाय."

"चुकलं माझं."

"कशाला केला पन? माजी पोरगी काय वाकरं बोलली तुमाना?"



त्याने गव्हातून हात काढला, झाडला, झाकण नीट बसवलं आणि डबा माझ्यापुढे काट्यावर ठेवला.

"दलन नाय व्हनार," तो म्हणाला. "लाईट नाय."

मागे मशीन चालू होती. पांढरी धूळ उडत होती. बाजूच्या बाईच्या ज्वारीचं पीठ पिशवीत पडत होतं. तीही माझ्याकडे पाहत होती. मी डबा उचलला. दहा किलो होते. गल्लीच्या तोंडाशी दोनदा खाली ठेवावा लागला.